धोटे काका कोणत्या गटात?

सकाळी नळावर पाणी भरत होते तेव्हा फोन आला. धोटे काकांचा मुलगा बोलत होता. "दीदी, बाबा नहीं रहे. रात को सोए, सुबह उठे ही नहीं." इतकंच. बादली भरून वाहत राहिली... त्याला आता महिना होतो आहे. माझं शिक्षण हिंदीत झालं, मराठी फक्त घरात. लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्यावं.

काका आमच्या कॉलेजच्या जीवरसायन विभागात लॅब टेक्निशियन होते. मूळचे वर्ध्याकडचे, घर इथे रायपूरच्या तात्यापाऱ्यात. माझे वडील गुढियारीच्या मालधक्क्यावर हमाल, कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच. पहिल्या दिवशी मी पिपेट हातात धरून नुसती उभी होते. काका म्हणाले, "काहून घाबरून राहिली? काच हाये ते, साप नाही." नंतरचं सगळं त्यांनीच शिकवलं.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला प्रकल्प मिळाला. मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या लोकांच्या रक्तात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या खुणा किती वाढतात ते पाहायचं, आणि शेजारी निरोगी माणसांचा एक गट ठेवायचा. कमरेचा घेर, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी, चांगलं कोलेस्टेरॉल. यांतल्या तीन गोष्टी बिघडल्या की माणूस पहिल्या गटात. खुणा म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलंच नव्हतं. काकांनी सांगितलं, "जुन्या शेंगदाण्याले खवट वास येते का नाही? तशीच अंगातली चरबी बी बिघडते. ते आपण मोजून राहिलो." बिघाड जास्त तितका नळीतला गुलाबी रंग गडद. रायपूर राजधानी झाल्यावर नवी ऑफिसं उघडली होती, तिथून पहिल्या गटाची माणसं भराभर मिळाली. "राजधानीनं आधी खुर्च्या आणल्या, मंग पोटं," काका हसायचे.

अडलं निरोगी गटात. पन्नाशीतला एक माणूस कमी पडत होता आणि सोमवारी माझ्या मार्गदर्शक मॅडमना आकडे द्यायचे होते. काका म्हणाले, "मले घे ना! वीस वर्षांपासून चौतीसची पँट घालतो."

पँट चौतीसचीच होती, पण पोटाखाली बांधलेली. आमच्याकडचे पुरुष कमरेचं माप असंच सांगतात, शिंप्याला दिलेलं. मला मात्र टेप बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध लावायचा होता. हात उचलेना. ज्यांनी मला शिकवलं त्यांचंच पोट मी मोजायचं?

"काका, फीता लगाना पड़ेगा..."

"लाव की." त्यांनी श्वास आत ओढून धरला.

"काका, साँस छोड़िए."

त्यांनी सोडला. आकडा मी वाचला नाही, नुसता टेप दाखवला. मग बीपीच्या गोळीचं विचारलं. "अर्धी घेतो. ते बी तुह्या काकूच्या समाधानासाठी." बिघडलेल्या दोन गोष्टी झाल्या. चरबी आणि कोलेस्टेरॉल नीट निघालं होतं, राहिली साखर. उपाशीपोटी रक्त दिलं होतंच, तपासणी त्यांनी स्वतःच लावली. साखर नीट येऊ दे, असं मी मनात म्हणत होते. ते काकांसाठी की माझ्या सोमवारसाठी, हे अजून मला सांगता येत नाही. त्यांच्या वडिलांना आणि थोरल्या भावाला साखरेनंच नेलं होतं. आपण सुटलो, असं काका सगळ्यांना सांगायचे. मशीनपाशी ते बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. खोलीत आम्ही दोघंच. त्यांनी कोणताही आकडा लिहिला असता तरी मी तो उतरवून घेतला असता...

त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. "हव, निघाली. तिकडच्या गटात टाक मले."

मला रडू आलं. "अवं, तू काहून रडून राहिली? साखर मले निघाली, तुले नाही."

सोमवारी मॅडम रागावल्या, मग म्हणाल्या, "एक कम है, तो कम ही लिखो."

काका पहाटे बुढा तालाबाला फेऱ्या मारायला लागले. गोळी पूर्ण घ्यायला लागले. भजी खायला बसले की दोन खाऊन तिसरं माझ्या ताटात सरकवायचे आणि खवट शेंगदाण्यांवरून मलाच चिडवायचे. मुलीच्या लग्नात वरातीपुढे नाचले. अशी चार वर्षं त्यांना मिळाली, आणि ती मजेत गेली. म्हणून मला वाईट वाटतं, पण फार वाटत नाही.

आता मी त्याच विभागात संशोधन करते. परवा वाचनालयातून माझा जुना प्रबंध काढला. तक्त्यात नावं नसतात, नुसते क्रमांक. पहिल्या गटात काका कुठे आहेत ते माझ्याशिवाय कुणालाच कळणार नाही, आणि मी सांगणारही नाही. निरोगी गटाचं पान मात्र कुणीही उघडून पाहावं. तिथे अगदी तळाशी एक ओळ आखलेली आहे आणि तिच्यात काहीच लिहिलेलं नाही.