देव मानतो असं लिहून द्या

माझ्या अमेरिकन शेजाऱ्याला त्याच्याच गावात नोकरी लागली होती आणि तो ती घेत नव्हता. एवढ्या एका गोष्टीपायी जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमधला तो अख्खा हिवाळा त्याने माझं डोकं उठवलं. साठ सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघंही केमिस्ट, एका विधवा बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर समोरासमोरच्या खोल्यांत राहत होतो. दिवसभर प्रयोगशाळेत उभं राहून पाय भरून यायचे, कपड्यांना कारखान्याचा वास, आणि खाली जेवायला बसलं की उकडलेल्या बटाट्यांबरोबर अमेरिकेची राज्यघटना.

त्याचं म्हणणं असं. देशाच्या घटनेत स्पष्ट लिहिलंय की सरकारी पदासाठी कुणाच्या धर्माची परीक्षा घ्यायची नाही. पण त्याच्या राज्याची घटना वेगळी. तिथल्या सरकारी कॉलेजात शिकवायचं तर ‘मी देव मानतो’ असं आधी लिहून द्यावं लागे, आणि हा देव मानत नव्हता. तिकडे बायको आणि लहान मुलगी त्याची वाट बघत होत्या. सही केली तर तो उन्हाळ्याच्या आत घरी, नाही केली तर जागा दुसऱ्याला.

मला त्याचा राग यायचा. माझीही बायको पुण्यात होती, प्रबंध संपेपर्यंत मला जाता येत नव्हतं, आणि याला नुसत्या एका ओळीने अडवलं होतं! आमच्या घटनेत दोन्ही सोयी आहेत, ईश्वराचं नाव घ्या नाहीतर साधी प्रतिज्ञा करा, हे मी त्याला एकदा फुशारकीने सांगितलं आणि आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. पुढे कित्येक दिवस त्याला दुसरा विषय नव्हता.

शेवटी एका संध्याकाळी मी वैतागून म्हणालो, “हे बघ, आमच्याकडे मुलं गळ्याला चिमटा घेऊन देवाशप्पथ म्हणतात. मग ती अंगाशी आली की दुसऱ्याने ‘सुटली’ म्हणायचं, की सुटते. तू सही कर, मी इथून ‘सुटली’ म्हणतो. जा एकदाचा घरी.”

तो हसला. बाई हसल्या नाहीत. ताटल्या गोळा करता करता म्हणाल्या, “माझ्या नवऱ्यानेही शपथ घेतली होती. सैन्यात सगळ्यांनीच घेतली, त्या माणसाच्या नावाने. देव होता की तिच्यात, अगदी सुरुवातीलाच. तेही म्हणाले होते, नुसते शब्द तर आहेत.”

त्यांचे यजमान रशियातून परत आले नव्हते, एवढं आम्हाला माहीत होतं. माझी थट्टा मलाच नकोशी झाली.

दुसऱ्या दिवशी त्याने तिकडे नकार कळवला आणि जागा गेली. मग त्याचा धीर सुटला. त्याची बायको नेमाने चर्चला जाणारी, प्रार्थनेशिवाय घास न घेणारी. नवऱ्याने देवाला नाकारून नोकरी घालवली, हे ती सोसेल का, या धास्तीने त्याचं जेवण सुटलं. मलाही वाटलं, आता याचा संसारही जाणार. पण त्याला सांगून काय उपयोग होता?

वसंतात त्याची बायको मुलीला घेऊन आली. थकली होती, प्रवासाने डोळे सुजले होते. त्या संध्याकाळी आम्ही सगळे एकत्र जेवायला बसलो. तिने हात जोडले, डोळे मिटले. तो काटा खाली ठेवून, तिचं होईपर्यंत थांबला.

मला राहवलं नाही. विचारलं, “त्याने सही केली असती तर तुम्हाला बरं नसतं का वाटलं?”

“नाही,” ती म्हणाली. “मी रोज ज्याच्याशी बोलते, त्याच्यासमोर माझ्या नवऱ्याला खोटं बोलायला लावणारं सरकार कोण?”

हिवाळाभर घटनेची कलमं सांगून आम्हाला बेजार करणाऱ्या त्या माणसाने मुलीला मांडीवर ओढून घेतलं आणि तिच्या केसांत तोंड लपवलं.