काचेचा बूट भलत्याच पायात

प्रॉम्प्टर काकूंचं सारं आयुष्य विंगेतल्या तिपाईवर, दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजण्यात गेलं. काचेच्या बुटाच्या गोष्टीवर मात्र त्यांचा जुना राग होता. "अख्ख्या राज्यात त्या मापाचा एकच पाय? शेंबडं पोर तरी विश्वास ठेवेल का?"

दिग्दर्शक एकदा भडकलेच. "काकू, पदरचा एक शब्द जरी पुरवलात, तर कायमच्या घरी बसाल!"

त्या दुपारी त्याच गोष्टीच्या नाटकाला थिएटर मुलांनी गच्च भरलं होतं. जुना बूट तडकल्यामुळे नवा जोड आणला होता, पण तालमीत तो कुणी घालून पाहिलाच नव्हता. सावत्र बहिणीने पाय पुढे केला आणि बूट तिला अलगद बसला.

"बसला! बसला!" पोरं ओरडली. राजपुत्राच्या तोंडचं पाणी पळालं. पलीकडच्या विंगेतून दिग्दर्शक पडदा पाडायच्या खुणा करू लागले.

संहितेत याला उत्तर नव्हतं. काकूंकडे मात्र ते कित्येक वर्षं तयार होतं.

"दुसरा बूट माग!" त्या कुजबुजल्या.

राजपुत्राला कंठ फुटला. "थांबा! याचा जोडीदार कुणाकडे आहे?"

जोडातला दुसरा बूट विंगेतच पडला होता. काकूंनी तो हळूच विंगेलगत उभ्या नायिकेच्या पायाशी सरकवला. तिने तो उंच धरला आणि टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली.

पडदा पडताच दिग्दर्शक तणतणत आले. काकूंनी चष्मा पिशवीत घातला.

"निघालात कुठे? उद्या हा गाढव राजपुत्र तेच वाक्य विसरला, तर सांगणार कोण?"