सपाट दरवाजा

गॅरेजात त्यांना सगळे एक्सरे म्हणत. चेपलेली गाडी आली की ते हात सहज सरकावा म्हणून पत्र्यावर जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा ठेवत, डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवत आणि सांगत, "इथे पोचा आहे, इथे फुगवटा." इतरांना डोळे ताणूनही काही दिसायचं नाही, पण हातोडी घेऊन बसलं की निघायचं तेच. कौतुकाने माणूस चढतो, तसे एक्सरेही चढले होते. कुणी स्टीलची सरळ पट्टी लावून बघू या म्हटलं, की उत्तर ठरलेलं, "माझा हात हीच पट्टी!"

याच ताठ्यापायी अकरा वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ गॅरेज सोडून गेला होता. त्याने दिवसभर ठोकून सरळ केलेल्या दरवाजाला हात लावून एक्सरे चारचौघांत म्हणाले होते, "खोलगट आहे. तुझ्या हातात कसबच नाही." धाकट्याने हातोडी खाली ठेवली ती ठेवलीच. आता तो टायरच्या दुकानात कामाला होता. कुठे गाठ पडलीच तर दोघे भाऊ हवापाण्याचं बोलत आणि आपापल्या वाटेने जात.

त्या दिवशी एक्सरे सकाळपासून एका जुन्या गाडीच्या फुगीर, गोलसर बॉनेटवर हात चालवत होते. तेवढ्यात त्यांच्या लेकीने हाक मारली. गॅरेजातलं रंगकाम तिच्याकडे होतं, आणि एका दरवाजाला रंग मारण्याआधी तिला त्यांचा हात लावून हवा होता. एक्सरे तसेच उठले आणि त्यांनी दरवाजावर तळहात टेकवला.

"खोलगट आहे गं."

लेकीने पट्टी लावली. खालून उजेडाची रेघसुद्धा येईना. पट्टी आडवी लावली, तिरकी लावली. दरवाजा सपाट होता.

एक्सरेंनी हात मागे घेतला. ते स्टुलावर बसले आणि हाताकडे बघत राहिले. "हात गेला माझा," ते म्हणाले. "उद्यापासून मी येत नाही." हे लटकं रुसणं नव्हतं. ते खरोखर घाबरले होते. हात गेला तर गॅरेजात त्यांचं उरणार तरी काय होतं?

"एका दरवाजासाठी कुणी काम सोडतं का?" लेक बॉनेटवर हात टेकून तावातावाने बोलू लागली. पाचेक मिनिटं तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. मग ती वळली, समोरच्या लोखंडी टेबलावर तळहात टेकला आणि तो इकडून तिकडे फिरवून बघितला.

"बाबा, हे टेबल मधे बसलंय का हो?"

टेबलाला काय धाड भरली होती! तीस वर्षं त्याच्यावरच तर पत्रे सरळ होत होते. एक्सरे उठले. त्यांनी बॉनेटवर हात दाबून धरला, मग टेबलावर ठेवला. खड्डा. चहा पिऊन आले, पुन्हा हात ठेवला. टेबल सपाट!

"तुमचा हात कुठेही गेलेला नाही," लेक हसायला लागली. "गोलाची सवय झाली की त्याला सपाटही खोलगट लागतं. माझाही फसला की! सगळ्यांचाच फसत असणार."

एक्सरेंचा जीव भांड्यात पडला. तेही हसले, आणि हसता हसता थांबले.

"म्हणजे पूर्वीही फसत असणार," ते म्हणाले.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या दिवशीही ते सकाळभर एका गाडीच्या गोल टपावर काम करत होते. त्यावरून उठून ते थेट धाकट्याच्या दरवाजाकडे गेले होते. पट्टी हाताच्या अंतरावर पडलेली होती.

त्यांनी फोन लावला. पलीकडे टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज येत होता.

"अरे, मी बोलतोय. तुझा तो दरवाजा... सपाट होता रे. माझंच चुकलं."

हवेचा आवाज थांबला.

"माहीत आहे, दादा," धाकटा म्हणाला. "तू गेल्यावर मी पट्टी लावून बघितली होती."