हीटरनं बॅटरी खाल्ली ती सकाळ

थंडीत ट्रक चालवणाऱ्याची सकाळ हीटरच्या बटणापासून सुरू होते. हवा इंजिनात शिरते त्या वाटेवर एक तार असते. बटण दाबलं की ती तापते, हवा गरम होते, मग सेल्फ मारून इंजिन चालू करायचं. पण ती तार करंट असा ओढते की विचारू नका! गारठलेल्या बॅटरीचं व्होल्टेज पार बसतं. त्यात आणखी काही चालू असलं तर सेल्फच्या वाट्याला काही उरतच नाही.

हे आमच्या शेठले कोण सांगणार? वरूडचा संत्र्याचा व्यापारी, मनाचा दिलदार, पण पूजेशिवाय गाडी हलू द्यायचा नाही. समोरचे दिवे लावायचे, उदबत्ती ओवाळायची, वरून हॉर्न. "गाडीचे डोये उघडे पायजेत," हा त्याचा कायदा. उन्हाळ्यात चालून जायचं. थंडीत रोज माझ्या जिवाला घोर.

त्या मार्गशीर्षात उजाडता उजाडता अकोल्याहून शेजाऱ्याचा निरोप आला. माय बोलते आहे तोवर ये. पेट्या भरून गाडी अकोल्यालाच निघायची होती. मी धावत जाऊन बसलो, हीटर दाबला. समोर शेठची उदबत्ती सुरूच. दिवे पांढऱ्याचे पिवळे झाले, पिवळ्याचे लाल.

"शेठ, दिवे बंद करतो!"

"राहू दे बे! मायसाठी चाल्ला ना, नीट पूजा होऊ दे." खिडकीतून हात घालून त्यानं स्वतः हॉर्न दाबला. हॉर्न बकरीसारखा बें करून बसला. मी सेल्फ मारला. एकदा कण्हला अन् गप्प.

"झालं! आता आरतीच म्हना!" मी बोंबललो.

शेठचं तोंड एवढंसं झालं. स्वतः धावत जाऊन त्यानं बैलजोडी आणली. माणसांनी पेट्या उतरवल्या, बैलांनी रिकामी गाडी उतारापर्यंत ओढली, तिथून सोडली तेव्हा कुठं इंजिन सुरू झालं. माणसं पेट्या पुन्हा भरायला लागली तर शेठच खेकसला, "मरू दे पेट्या, तू जाय!"

अकोल्याला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. माय शुद्धीवर होती.

"काहून रे, एवढा उशीर केला?"

अन् मी सुरू झालो. हीटर, तार, व्होल्टेज, शेठचे दिवे. सकाळपासूनचा सगळा राग तिच्यापुढं ओतला. तिला त्यातलं काय कळणार? माझा हात धरून ऐकत राहिली बिचारी.

"मंग बैलानं ओढली काय मोटार?"

"हो ना माय."

हसली. "थकला असशीन. जेवून घे," म्हणाली अन् डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत.

तुझ्याशिवाय मले कोणी नाही, एवढंच सांगायला रस्ताभर जीव टाकत आलो होतो. ते राहिलं. मायलेकांचं शेवटचं बोलणं झालं ते बॅटरीचं.