शेडखालचं शहाणपण

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गावच्या स्मशानात पत्र्याची शेड झाली. उद्घाटनाला उपसरपंचांनी भोरहून एक महाराज, एक भंतेजी आणि एक मौलवी आणले. तिघेही चांगले बोलले. सगळे धर्म एकच सांगतात, शहाण्यांनी एकमेकांशी बोलत राहावं, असं म्हणाले. कुणी कुणाला उलट विचारलं नाही. नारळ घेतले आणि गाडीत बसले.

माझ्या शेजारी माझी मैत्रीण बसली होती, ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतली. ती कानाशी म्हणाली, "भांडत न्हाईत, मंजी ह्यांची वळख न्हाई."

आम्ही दोघी भांडायचो. लावणीला तिच्या खाचरात मी, माझ्या खाचरात ती, हे लग्न होऊन आल्यापासूनचं. चिखलात दिवसभर वाकून दुसरं करणार काय? मला चतुर्थी असली की ती म्हणायची, "देवाला मोदक आन तुला शाबुदाना. बरं खपवून घेती गं."

"तुमी देव सोडलं आन फोटूला हार घालता, त्ये काय?" मी एकदा विचारलं.

ती थोडी रोपं लावून मग म्हणाली, "हार मानानं घालतो. त्याच्याकडं मागत काय न्हाई." तेव्हापासून देवापुढं मागताना माझी जीभ अडते. ती आजारी पडली तेव्हा मी तिच्यासाठी नवस बोलले आणि तिला सांगितलं. म्हणाली, "बोल की. देव तुझा हाय. कोंबडं तू काप, रस्सा मी खाती."

ऐन झडीत ती गेली. त्यांची जाळायची जागा ओढ्याकाठी, उघड्यावर. तिचा मुलगा देवळाच्या पायरीखाली उभा राहिला आणि त्यानं शेड मागितली. वर बसलेल्यांनी चर्चा केली. धर्माचा प्रश्नच नाही, असं प्रत्येक जण म्हणाला. फक्त रीत आहे.

उपसरपंच म्हणाले, "आज एकाला दिली तर उद्या सगळीच येतील."

"मेल्यावरच येतील न्हवं?" मी पायरीखालून, तिच्या मुलाशेजारून म्हणाले. "जेवायला तर न्हाई येत."

"आजी, तुमी घरी जावा. भिजाल."

माझा मुलगा वर त्यांच्यातच बसला होता. मोबाईलमध्ये बघत होता.

चौघांनी तिच्यावर ताडपत्री धरली, डिझेल ओतलं. लाकडं पेटेनात, नुसती धुमसत राहिली. अंधार पडला तरी काम पुरं झालं नव्हतं. परत येताना वाटेत शेड लागली. आत कुणाच्या तरी शेळ्या बसल्या होत्या, कोरड्या.

घरी आल्यावर मुलाला सांगितलं, "मलाबी वढ्याकाठीच जाळ. शेडमंदी न्यायचं न्हाई."

"आई, काहीतरीच तुझं. लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. शेड हाय की त्यांना. कोरडं बसून म्हणतील."