सावळ घाटात मागे आलेली गाडी

२००८च्या डिसेंबरात मी सहा वर्षांनी नाशिकला आलो. जर्मनीत मी गिअरबॉक्सच्या कारखान्यात आराखडे काढतो. त्यामुळे शनिवारी सकाळी पंचवटीतून निघताना स्टिअरिंगवर मीच बसणार, असा हट्ट मी धरला. गाडी सुमाताईची. ताई पेठच्या शाळेत शिकवते आणि रोज या छोट्या गाडीने जाऊन-येऊन करते. चाळिशीनंतर गाडी शिकलेली माझी थोरली बहीण.

पेठ नाका मागे पडला तसे मखमलाबादकडचे द्राक्षांचे मळे दिसू लागले आणि माझं व्याख्यान सुरू झालं. तिकडे आता छोट्या गाड्यांतही दोन क्लचचा गिअरबॉक्स येतो, मी सांगितलं. एका क्लचकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. एक काम करत असतो तेव्हा पुढचा तयारच असतो. माणसाने फक्त दोन पॅडल सांभाळायची, डाव्या पायाला काम नाही. चढावर ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी क्षणभर स्वतःला धरून ठेवते. हे हाताने गिअर बदलणं म्हणजे जुना जमाना.

ताई ऐकत होती. एवढंच म्हणाली, की तिला गिअर बदलल्यासारखं वाटतच नाही, हाताला आपोआप कळतं.

रासेगाव सोडल्यावर डोंगर सुरू झाले. सावळ घाट उतरताना दोन्ही बाजूंचं गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि खाली भाताची कापलेली खाचरं दिसत होती. घाटाच्या पायथ्याशी एका पाड्याजवळ (आदिवासी वस्तीजवळ) ताईने गाडी थांबवायला लावली. शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली मागे बसल्या. पाड्यावरून पेठला चालत जाणं शक्य नव्हतं आणि एसटीची वेळ शाळेशी जुळत नव्हती. ताई नेते म्हणून या दोघी आठवीपर्यंत पोचल्या होत्या.

शाळा अर्धा दिवस होती. तोवर मी पेठच्या बाजारात हिंडलो. एका खानावळीत नागलीची (नाचणीची) भाकरी आणि उडदाचं घट्ट वरण जेवलो. दुपारी मुलींना पाड्यावर सोडलं आणि आम्ही घाट चढू लागलो.

एका वळणावर पुढचा ट्रक अडकला. मीही थांबलो. ट्रक हलला तसा मी सवयीने ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी स्वतःला धरून ठेवील असं त्या पायाला वाटलं असावं. ती मागे सरकली. मी डावा पाय क्लचवर आणि उजवा ॲक्सिलरेटरवर आपटला, इंजिन ओरडलं, जळका वास आला आणि गाडी आणखी वेगाने मागे जाऊ लागली. मागे एक जीप माणसांनी भरून उभी होती.

रस्त्याच्या कडेने गवताचा भारा घेऊन एक माणूस चढत होता. त्याने भारा टाकला, धोंडा उचलला आणि मागच्या चाकाखाली सारला. गाडी थांबली. पण धोंडा घसरून त्याच्या पायावर आला होता.

ताईने हँडब्रेक ओढला, तोवर मी खाली उतरलो होतो. जीपमधली माणसं जमली. कुणी काही विचारायच्या आत मी म्हणालो, "ब्रेक लागला नाही. गाडीतच दोष आहे."

ताईने माझ्याकडे पाहिलं आणि ती स्टिअरिंगवर बसली. जीपवाल्यांनी धोंडा काढला, तिने गाडी वळवली. त्या माणसाचं नाव काशिनाथ, त्याच पाड्यावरचा. पेठच्या दवाखान्यापर्यंत त्याचा पाय माझ्या मांडीवर होता. त्याने एकदाही हूं की चूं केलं नाही.

डॉक्टरांनी कसं झालं ते विचारलं. ताई म्हणाली, "गाडी माझी आहे. ब्रेक लागला नाही." बातमी ऐकून आलेली पाड्यावरची चार माणसं दारात उभी होती. त्यांच्यासमोर तिने माझं खोटं स्वतःवर घेतलं आणि मी ते घेऊ दिलं. काशिनाथच्या अंगठ्याचं हाड मोडलं होतं.

रविवारी मेकॅनिकने क्लच-प्लेट बदलली. ब्रेक तपासून तो म्हणाला की यांना काही झालेलं नाही.

सोमवारी मीही ताईबरोबर निघालो. गाडी ती चालवत होती. पाड्याजवळ मुली नव्हत्या. त्यांच्या आईबापांनी निरोप ठेवला होता, की बाईंच्या गाडीचे ब्रेक खराब आहेत, पोरी पाठवणार नाही.

मी काशिनाथच्या घरी गेलो. पायाला प्लास्टर घालून तो ओट्यावर बसला होता. मी खरं सांगायला सुरुवात केली, तसं त्याने मला थांबवलं.

"मला ठावं हाय, साहेब. मागले लाल दिवे पेटले व्हते, मग इझले. गाडी तवा मागं आली. ब्रेक व्हता. पाय नव्हता."

मी विचारलं, मग दवाखान्यात का बोलला नाहीस?

"बाई बोलल्या, म्हनून गप बसलो. पन आता तुमीच सांगा लोकास्नी. मी सांगून कोनी ऐकनार नाय."

त्याने हाक मारून दोन्ही मुलींच्या घरची माणसं बोलावली. अंगणात उभं राहून मी सांगितलं, की गाडी चांगली आहे, मला ती चालवता आली नाही आणि मी खोटं बोललो. कुणी रागावलं नाही, कुणी हसलंही नाही. एका मुलीच्या आईने फक्त विचारलं की आज गाडी कोण चालवणार. ताई चालवणार, मी म्हणालो. ती आई घरी गेली आणि मुलीचं दप्तर घेऊन आली.

परतताना त्याच वळणावर पुढे एसटी होती. ताई थांबली, हँडब्रेक ओढला, क्लच हळूच सोडत इंजिन जरा जड होऊ दिलं आणि मग हँडब्रेक सोडला. गाडी बोटभरही मागे गेली नाही.

घाट संपल्यावर ती म्हणाली, "पाय चुकला, ते कुणाचंही होतं. पण तुझ्या तोंडून पहिला शब्द तो कसा निघाला रे?"

पुढच्या आठवड्यात जर्मनीला परतलो, कामाला लागलो. तिकडे सगळे विचारत होते की भारतातले रस्ते कसे आहेत. रस्ते चांगले आहेत, असं मी सांगत होतो. तेवढं तरी खरं होतं. ताईला मात्र मी अजून उत्तर दिलेलं नाही.