मामंजींनी पुरवलेले शब्द

मुलुंडला पाच रस्त्याजवळ कुंदाचं सासर. सासऱ्यांना सगळी आळी अण्णा म्हणायची, कुंदा मात्र मामंजी. गोऱ्या साहेबाच्या हाताखाली हेडक्लार्की करून ते पेन्शनीत निघाले होते. इंग्रजी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. कुणी शब्दाचा अर्थ विचारला की गृहस्थ भरल्या ताटावरही अर्धा तास बोलणार.

कुंदा मॅट्रिकला इंग्रजीत आपटली आणि त्याच वर्षी बोहल्यावर चढली. ते नापास होणं तिच्या मनातून काही जाईना. मुलं शाळेत जायला लागली तेव्हा, पंचावन्न साली, तिने बाहेरून परीक्षेला बसायचं ठरवलं. नवरा, श्यामसुंदर, "बस की परीक्षेला" म्हणाला. मामंजींनी चष्मा कपाळावर चढवला.

"मी तुला डिस्करेज करत नाही, पण हे तुझ्याच्याने व्हायचं नाही."

कुंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पोळी लाटता लाटता तिने विचारलं, डिस्करेज म्हणजे काय? झालं. मामंजी खुलले. डिस्करेज म्हणजे माणसाची उमेद काढून घेणं. डिसहार्टन म्हणजे मन खचवणं. अननर्व म्हणजे ऐन वेळी हातपाय गाळायला लावणं. आणि डिमॉरलाइज? तो तर अख्ख्या पलटणीचा धीर खचवायचा शब्द.

मग हे रोजचंच झालं. मामंजी सकाळी एक टोमणा मारायचे, कुंदा त्यातला शब्द उचलायची, आणि मामंजी तिला तो वाक्यात घालून दाखवायचे. आपण सुनेची शिकवणी घेतोय हे त्या भल्या माणसाच्या गावीही नव्हतं.

परीक्षेत इंग्रजीच्या पेपरात पत्र लिहायला आलं: नापास झालेल्या मैत्रिणीला धीर द्या. धीर देणारा एकही इंग्रजी शब्द कुंदाला आठवेना. आठवणार कुठून? तिच्यावर तसला शब्द कुणी खर्चच केला नव्हता. मग तिने मामंजींचा सगळा साठा बाहेर काढला आणि प्रत्येकापुढे 'नको' लावला. मन खचू देऊ नकोस, हातपाय गाळू नकोस, कुणाला तुझी उमेद काढून घेऊ देऊ नकोस. लिहिता लिहिता तिला रडू फुटलं, पण हात थांबला नाही.

निकालाच्या दिवशी वर्तमानपत्र मामंजींनीच उघडलं. बोट आकड्यांवरून खाली सरकत एका जागी थांबलं. नंबर दोनदा ताडून पाहिल्यावर, टोपीशिवाय उंबरा न ओलांडणारा हा माणूस बोडक्यानेच पेढे आणायला निघाला आणि वाटेत भेटेल त्याला सून पास झाल्याचं सांगत सुटला.

पेढा हातावर घेताना कुंदाने त्यांना पत्राची सगळी हकीकत सांगितली. मग म्हणाली, "मामंजी, धीर देण्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते तुम्ही कधी सांगितलंच नाहीत."

मामंजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. आयुष्यात प्रथमच शब्दाचा विषय निघूनही ते त्यावर बोलत बसले नाहीत.

"कॉलेजात नाव घाल," ते म्हणाले. "फॉर्म मी आणतो."